जुनी स्टोअररूम आणि ९०.४ एफएम : जनसंज्ञापन विभागाची वाटचाल

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटलं की पहिली दोन पानं आभारातच जातात. जागा कुणी दिली, देणगी कुणी दिली, फीत कुणी कापली, ती सगळी नावं या अंकात फोटोंसह इतरत्र आहेतच. इथे ती पुन्हा देत नाही. संपादक मंडळाने मला एवढंच सांगितलं की विभाग चालला कसा ते लिहा. ते सांगायचं तर गोदड्या, एसटीचं वेळापत्रक, साखर कारखान्याचा भोंगा आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक यांच्याविषयी लिहावं लागेल. तशी तयारी ठेवूनच वाचावं.

सुरुवात मराठी विभागात झाली. संध्याकाळी चालणारी पत्रकारितेची पदविका एवढंच तिचं रूप होतं. बातमी कशी लिहावी, मथळा कसा द्यावा, मुद्रितशोधनाच्या खुणा कोणत्या, हे शिकवायचं आणि वर्षाच्या शेवटी जिल्ह्याच्या दैनिकाच्या कार्यालयात सहल न्यायची. 'नभोवाणी लेखन' हे अभ्यासक्रमातलं शेवटचं प्रकरण. ते शेवटचं असल्यामुळे बहुतेक वर्षी परीक्षेच्या तोंडावर एका तासात उरकलं जाई. श्रुतिका म्हणजे काय, रूपक म्हणजे काय, याच्या व्याख्या मुलं पाठ करत. माईक मात्र पाहिलेला असे तो गॅदरिंगमध्ये.

खरं तर रेडिओ आपल्या भागाला नवा नव्हता. पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाली आणि दीड-दोन वर्षांत, १९५५ च्या रामनवमीपासून, 'गीतरामायणा'ने घराघरांत आठवड्याची एक वेळ बांधून टाकली. त्याच्या पुढच्याच वर्षी त्या केंद्राने केलेला एक प्रयोग मात्र फारसा कुणाच्या लक्षात नाही. युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत ग्रामीण श्रोतृमंडळं उभी राहिली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, त्यावर बोलायचं, जमेल ते करायचं आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळं असलेल्या गावांत माहिती कितीतरी जास्त रुजल्याचं त्यात दिसलं. आपला भाग तेव्हा दक्षिण सातारा होता, 'सांगली' हे नाव जिल्ह्याला १९६० साली मिळालं. त्यामुळे त्या यादीत आपण नव्हतो, शेजारी होते. पण आपल्या जिल्ह्यातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर त्याच पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात पुढे अनेक वर्षं होते, हे आम्ही दरवर्षी नव्या मुलांना जरा अभिमानानेच सांगतो.

श्रोतृमंडळांची ही गोष्ट आमच्या पहिल्या विभागप्रमुखांना पाठ होती. त्यांचं म्हणणं असं की, प्रसारण शिकवायचं तर ऐकणारा माणूस डोळ्यांपुढे हवा, नाहीतर तो नुसता वाचनाचा तास. त्यांनी काय केलं? गॅदरिंगसाठी घेतलेला आहुजाचा अॅम्प्लिफायर आणि दोन कर्णे वर्षभर धूळ खात पडलेले असत, ते मागून घेतले. मधल्या सुट्टीत वीस मिनिटांचा 'कॉलेज रेडिओ' सुरू झाला. परवाना नको, मनोरा नको, फक्त वायर. एक कर्णा कँटीनच्या दिशेला, दुसरा सायकल स्टँडकडे.

त्या वीस मिनिटांनी जे शिकवलं ते पुढच्या सगळ्या यंत्रांनी मिळून शिकवलं नसेल. ऐकणारा समोर चहा पीत उभा असे. कंटाळला की पाठ फिरवून निघून जाई आणि बोलणाऱ्याला ते खिडकीतून दिसे. लायब्ररीत नव्याने आलेल्या पुस्तकांची यादी वाचताना कँटीन रिकामं झालं. पण बसपासाठी कोणती कागदपत्रं लागतात आणि डेपोत कोणत्या खिडकीवर जायचं हे सांगताना लोक जवळ येऊन उभे राहिले. कार्यक्रम कसा निवडावा यावरचं प्रकरण मुलांनी तिथेच वाचलं.

परवान्याचा मार्ग मोकळा झाला तो दिल्लीत, आणि त्याचं मूळ, कुणाला खरं वाटणार नाही, क्रिकेटच्या सामन्यात आहे. १९९३ च्या हीरो कपाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. खंडपीठात आपले न्या. पी. बी. सावंत होते. तरीही शिक्षणसंस्थांना रेडिओ चालवायची मुभा देणारं धोरण यायला डिसेंबर २००२ उजाडला. १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं 'अण्णा एफएम' सुरू झालं. ते देशातलं पहिलं कॅम्पस रेडिओ केंद्र. तिथे इलेक्ट्रॉनिक मीडिया शिकणारी मुलंच केंद्र चालवतात, ही बातमी कात्रण होऊन आमच्या फळ्यावर बरेच दिवस चिकटवलेली होती.

नोव्हेंबर २००६ मध्ये धोरण आणखी मोकळं झालं. स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही दार उघडलं. त्यानंतर आपल्या संस्थेने अर्ज केला. अर्ज ते प्रक्षेपण हा प्रवास अनेक वर्षं चालला. आधी इरादापत्र, मग मनोऱ्याच्या जागेची मंजुरी, विमानांना अडथळा नाही याचा दाखला, मग लहरींचं वाटप, मग करारनामा, शेवटी वायरलेस परवाना. माहिती व प्रसारण खातं वेगळं, दूरसंचार खातं वेगळं आणि दोघांच्या फायली एकमेकींना ओळखत नाहीत, हे संस्थेचे सचिव अण्णा यांना फार लवकर कळलं. अण्णांनी त्यासाठी किती वेळा दिल्लीची गाडी धरली याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही, आणि प्रवासभत्त्याची बिलंही कधी लावली नाहीत. आभार मानायचे नाहीत असं वर म्हटलंय, पण हा एक अपवाद करतो.

परवान्याच्या तेव्हाच्या अटी इथे थोडक्यात सांगायला हव्यात, कारण आमचा अभ्यासक्रम खरं तर त्या अटींनीच घडवला. प्रक्षेपणाची ताकद १०० वॅट, मनोरा जास्तीत जास्त ३० मीटर. म्हणजे सपाटीवर दहा-बारा किलोमीटर आवाज जाणार. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून हवेत, आणि शक्यतो स्थानिक भाषेत. तासाला पाच मिनिटं जाहिरात. बातम्या आणि राजकारण बंद. प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवायचं.

बातम्या बंद, ही अट ऐकून पदविकेची मुलं नाराज झाली. पत्रकारिता शिकायला आलोय आणि बातमीच द्यायची नाही? पण त्याच अटीमुळे ती गावांत गेली. बातमी नाही म्हणजे ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईची दिनचर्या, रेशन दुकानात अंगठा उमटत नाही त्या म्हातारीचं काय करायचं, द्राक्षबागेवर डाऊनी आला तर फवारणी कधी, तमाशातल्या ढोलकीवाल्याने हात कसा बसवला, हे सगळं आलं. आज मागे वळून बघताना वाटतं, पहिल्या वर्षीच बातम्यांना परवानगी असती तर आम्ही जिल्ह्याच्या दैनिकातल्या मजकुराचं मोठ्याने वाचन करत बसलो असतो.

स्टुडिओसाठी जागा मिळाली ती जिमखान्याच्या मागची स्टोअररूम. मोडके बेंच, भालाफेकीचे भाले आणि निवडणुकीच्या ड्यूटीसाठी आलेल्या पेट्या तिथून हलवल्या. आवाज घुमू नये म्हणून कुणीतरी सांगितल्यावरून भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले. त्याने फार तर खोलीतला बारीक प्रतिध्वनी कमी होतो, बाहेरचा आवाज आत यायचा तो येतोच, हे चार दिवसांत ध्यानात आलं. मग मुलींनी घरून गोदड्या आणल्या. चौकटीवर दुहेरी गोदड्या ताणून बसवल्या, दाराच्या फटींना सायकलच्या ट्यूबचं रबर मारलं, आणि खोली एकदम शांत झाली. नंतर अनुदानातून रीतसर ध्वनिशोषक पॅनेल आली, काचेची दुहेरी खिडकी आली. पण एका भिंतीवर ती जुनी चौकट अजून आहे. बाहेरून आलेले तज्ज्ञ ती काढायला सांगतात, आणि मामा, म्हणजे आमचे शिपाई, ऐकत नाहीत.

एक शत्रू मात्र गोदड्यांना दाद देईना. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस जातो, आणि ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असतात. शिवाय पाळी बदलताना कारखान्याचा भोंगा. सुरुवातीला ध्वनिमुद्रण मधेच थांबवून पुन्हा घ्यावं लागे. शेवटी हंगामापुरतं वेगळं वेळापत्रक बनवलं, मुलाखती भोंग्याच्या वेळा टाळून ठेवल्या. थेट प्रसारणात भोंगा आलाच तर निवेदकाने न दचकता वेळ सांगायची, असा नियम झाला. श्रोत्यांना तो आवडला. काही जण त्यावर घड्याळ लावत.

चाचणी प्रक्षेपणाचे दिवस विभागाच्या इतिहासातले सगळ्यांत शिकवणारे दिवस असावेत. आवाज नक्की कुठवर जातो हे कागदावरच्या वर्तुळाने कळत नाही. मुलांनी मोटारसायकली घेतल्या, मागे बसणाऱ्याच्या हातात ट्रान्झिस्टर. स्टुडिओत एक मुलगी आकडे मोजत बसली : एक, दोन, तीन, आणि पुन्हा. मुलं गावागावांतून जात आणि आवाज जिथे खरखरू लागेल तिथे थांबून नकाशावर खूण करत. संध्याकाळी खुणा जोडल्या तर वर्तुळाऐवजी विचित्र, एका बाजूला पसरलेला आकार दिसला. नदीकडच्या सपाटीला पंधरा किलोमीटरच्या आसपासही स्वच्छ आवाज, आणि डोंगराच्या पलीकडच्या वाड्यांना चार किलोमीटरवर काहीच नाही. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर ओलांडत नाहीत, हे वाक्य पुस्तकात आहे. पण त्या वाड्यांतली एक मुलगी त्याच वर्गात होती. तिच्या घरच्यांना तिचा आवाज कधीच ऐकू येणार नव्हता. पुढे तिच्याच हट्टामुळे आठवड्याचे कार्यक्रम पेनड्राईव्हवर भरून त्या वाड्यांच्या दूध संकलन केंद्रावर पोचवायची पद्धत पडली. दूध घालायला आलेले लोक रांगेत उभे राहून ते ऐकत. आता ते काम व्हॉट्सअॅप करतं.

मुलं प्रत्यक्षात काय शिकतात, हे पालक आणि विद्यापीठाच्या समित्या दोघंही विचारतात. पहिले काही दिवस माईकला हात लावायचा नाही. एसटी स्टँडवर अर्धा तास डोळे मिटून बसायचं आणि ऐकलेल्या आवाजांची यादी करायची. मग मुलाखतीला गेल्यावर बोलणं सुरू करण्याआधी त्या जागेची शांतता अर्धा मिनिट मुद्रित करून आणायची, कारण संपादन करताना दोन वाक्यांमधली फट भरायला तीच लागते. मग माईक. प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि माईकवर तो धाडकन आदळतो, म्हणून तोंड थोडं तिरकं धरायचं. कागदाची सळसळ होऊ नये म्हणून पानं टाचायची नाहीत, सुटी ठेवायची, उलटायची नाहीत, बाजूला सरकवायची.

जवळच्या आकाशवाणी केंद्रातून निवृत्त झालेले एक कार्यक्रम अधिकारी काही वर्षं आमच्याकडे शिकवायला येत. त्यांनी एक हट्ट धरला. सगळं संपादन संगणकावर, फुकट मिळणाऱ्या 'ऑडॅसिटी'वर होत असताना त्यांनी कुठूनतरी जुनी स्पूलची टेप आणि यंत्र मिळवलं. टेप सेकंदाला साडेसात इंच पळते. शब्द कुठे संपतो ते हाताने रीळ पुढेमागे फिरवून शोधायचं, पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरकं कापायचं आणि चिकटपट्टी लावून जोडायचं. मुलं म्हणाली, सर, हे आता कुठेच वापरत नाहीत. ते म्हणाले, म्हणूनच शिका. संगणकावर चुकलं की मागे जाता येतं, त्यामुळे तुम्ही विचार न करता कापता. टेप एकदा कापली की कापली. प्रत्येक तुकडीने त्यांच्या देखरेखीखाली एक मिनिटाची एक मुलाखत अशी कापून जोडली. या प्रकाराने काही जण फार वैतागले हेही नोंदवायला हवं.

त्यानंतरच्या टप्प्यात पूर्ण तास विद्यार्थ्यांच्या ताब्यात. एक जण कन्सोलवर, एक माईकवर, एक फोनवर, एक नोंदवहीत प्रत्येक गोष्टीची वेळ लिहायला. पुढच्या आठवड्यात खुर्च्या बदलायच्या. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थांत उपकरणं आमच्यापेक्षा कितीतरी चांगली असतात, पण तिथे कन्सोलला हात लागायला दुसरं सत्र उजाडतं, असं तिथे पुढे शिकायला गेलेली आमचीच मुलं सांगतात. आमच्याकडे वर्गात वीस-बावीस मुलं आणि रोजचे कित्येक तास भरायचे. हात लावू न देऊन चालणार कसं? लहान असण्याचा आम्हाला झालेला खरा फायदा हा. बाकी लहान असण्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. पावसाळ्यात ट्रान्समीटर बिघडला की दुसरा नसतो, आणि अभियंता तर आजतागायत पूर्णवेळ मिळालेला नाही.

भाषेवरून झालेला वाद विभागात अजून सांगितला जातो. पहिल्या तुकडीतली मुलं माईकपुढे बसली की दोनच आवाज काढत. एक, सकाळच्या प्रादेशिक बातम्यांचा. सुधा नरवणे यांचा आवाज ऐकत वाढलेल्या पिढीच्या घरातली ही मुलं, त्यांना वाटे रेडिओ म्हणजे तसंच बोलायचं. दुसरा, शहरातल्या खासगी एफएमचा, प्रत्येक वाक्यात हिंदी-इंग्रजी आणि उगाच हसणं. स्वतःचा आवाज कुणाचाच नाही. विभागप्रमुखांनी सांगितलं की घरी आत्याशी बोलता तसं बोला. मुलं तशी बोलू लागली आणि 'आनी', 'पानी', 'कुटं', 'न्हाय' थेट प्रक्षेपित झालं. संस्थेच्या बैठकीत प्रश्न आला : महाविद्यालयाच्या रेडिओवर ही भाषा? आपण मुलांना शुद्ध बोलायला शिकवायचं की गावठी? काहींनी ही भाषा तातडीने बंद करायला सांगितली.

उत्तर म्हणून विभागप्रमुखांनी बैठकीत दोन ध्वनिफिती ऐकवल्या. एकीत एक मुलगी माती परीक्षणाची माहिती अगदी प्रमाण भाषेत वाचत होती. दुसरीत तीच मुलगी तिच्या चुलत्यांना तीच माहिती विचारत होती. दुसरी फीत संपेपर्यंत कुणी मध्ये बोललं नाही. मग तोडगा निघाला तो आजही पाळला जातो. सूचना, हवामान, परीक्षेच्या तारखा, औषधाचं प्रमाण, म्हणजे जिथे ऐकणारा गोंधळला तर नुकसान होईल, तिथे प्रमाण उच्चार. गप्पा, मुलाखती, गोष्टी, कीर्तनावरची चर्चा, तिथे ज्याची जी बोली. 'न' आणि 'ण' मधला फरक प्रत्येकाला यायलाच हवा. तो कधी वापरायचा हे त्याने ठरवावं. मला विचाराल तर या विभागाने घेतलेला हा सर्वांत चांगला निर्णय.

त्याच धाग्यावरून ओव्यांचा कार्यक्रम आला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या कामाची माहिती मुलांनी वाचली होती. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही नोंदवायचं, ही शिस्त तिथून घेतली. आपल्या भागात जाती कधीच माळ्यावर गेली होती. एका आजीने जातं नसेल तर ओवी सुचत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मुलींनी शेजारच्या वाडीतून जातं उचलून रिक्षात घालून आणलं. त्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीला नुसती जात्याची घरघर आहे आणि मागे रिक्षावाला 'मी थांबू का जाऊ' विचारतोय. ते कापायचं की ठेवायचं यावर वर्गात अर्धा तास चर्चा झाली. ठेवलं.

पैशाची बाजू झटपट सांगतो, कारण ती कायमच ओढाताणीची राहिली. अभ्यासक्रम विनाअनुदानित. शिकवणारे बहुतेक तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि सुट्टीच्या महिन्यांत काही नाही. ऑडिशन घेणं, कन्सोल दुरुस्त करणं, मुलांबरोबर रात्री संपादनाला बसणं, यातलं काहीच 'तासिका' नव्हतं. चांगली माणसं त्यामुळे टिकली नाहीत. २०१२ मध्ये लहरींच्या वापराचं वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून एकदम ९१,००० रुपये झालं, तेव्हा संस्थेत रेडिओ बंद करण्याची भाषा झाली होती. देशभरच्या सामुदायिक केंद्रांनी ओरड केल्यावर ती वाढ मागे घेतली गेली. जाहिराती मिळवायला मुलंच बाजारपेठेत फिरली. कापड दुकानदाराने दिवाळीपुरती दिली, कृषी सेवा केंद्रवाल्याने खरीपापुरती. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी जाहिरातीचा वेळ तासाला १२ मिनिटांवर नेला आहे, पण बारा मिनिटं भरतील एवढे जाहिरातदार तालुक्यात आहेत कुठे?

मुलींचा प्रश्नही सुरुवातीपासून होता. संध्याकाळचं प्रसारण संपवून शेवटची एसटी मिळत नसे. घरचे नाही म्हणत, आणि त्यात त्यांचं चूक काही नव्हतं. काही वर्षं संध्याकाळची खुर्ची फक्त मुलांकडे राहिली. मग संध्याकाळच्या कार्यक्रमाची वेळ एसटी पाहून ठरवली, आणि वसतिगृहाच्या मुलींना सकाळचं प्रसारण पूर्णपणे दिलं. रेडिओचं वेळापत्रक डेपोच्या वेळापत्रकावरून बनवणारं आपलं केंद्र एकटंच नसावं.

ऑगस्ट २०१९ च्या पुराबद्दल सविस्तर लिहिलंच पाहिजे. कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशाऱ्याची ४० फुटांची आणि धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेलं. आपलं महाविद्यालय माळावर, म्हणून वर्गखोल्यांतच निवारा केंद्र सुरू झालं. खालची गावं तुटली. वीज गेली, मोबाईलचे मनोरे एकेक करून बंद पडले. आमचा ट्रान्समीटर मंडपवाल्याकडून आणलेल्या जनरेटरवर चालू ठेवला. प्रक्षेपणाला वीज फार लागत नाही, लागते ती एसीला, म्हणून एसी बंद, दार उघडं, आणि बाहेरचा पाऊस प्रक्षेपणात.

धरण फुटल्याच्या अफवा उठू लागल्या होत्या. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांनी अनुभवला ती पिढी अजून हयात आहे, त्यांच्यापुढे कोयनेचं नाव काढलं तरी माणसं घाबरतात. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने पहिल्या दिवशीच एक नियम फळ्यावर लिहिला : माहिती कुणाकडून मिळाली आणि किती वाजता, हे सांगितल्याशिवाय काहीही वाचायचं नाही. पाटबंधारे खात्याकडून तहसीलमध्ये आलेला आकडा, वेळेसह. होडी कुठल्या देवळापाशी लागली आहे, वेळेसह. जुनं झालेलं पान लगेच फाडायचं, म्हणजे चुकून पुन्हा वाचलं जाणार नाही. अफवा खोडून काढतानाही अफवेचा उच्चार करायचा नाही, नुसती खरी पातळी सांगायची. हे तिला आम्ही शिकवलेलं नव्हतं. आता ते शिकवतो.

बातम्या बंद असताना हे चालतं का, असं नंतर एकाने विचारलं. चालतं. नैसर्गिक आपत्ती, हवामान, पाणी-वीज, आरोग्याच्या सूचना, परीक्षा आणि प्रवेश यांची माहिती बातम्यांत मोडत नाही, असं सरकारने स्पष्ट केलेलं आहे. लोक ऐकत कशावर होते, हाही प्रश्न येतो. चार्जिंग संपलेल्या मोबाईलवर कुणी काय ऐकणार? सेलवर चालणारे ट्रान्झिस्टर. आजोबांचे, खुंटीला टांगलेले. पुराच्या आधी मुलं त्यांना हसायची. पाणी ओसरल्यावर मुलांनी गावोगाव जाऊन कोण काय ऐकत होतं याच्या नोंदी घेतल्या. त्यांतली एक नोंद अशी : एका वाड्याच्या माडीवर अकरा माणसं एका सेटभोवती बसली होती आणि सेल वाचवायला तो दर तासाला पाच मिनिटंच लावत. केंद्राने माहितीची वेळ तासाच्या ठोक्याला ठेवली असल्यामुळे त्यांचं जमलं. ती वेळ मुलांनी ठरवली होती, ती नोंदवही भरायला सोपी पडते म्हणून.

२०२० च्या मार्चमध्ये महाविद्यालय बंद झालं, रेडिओ चालू राहिला. ज्या घरात स्मार्टफोन एक आणि शिकणारी मुलं तीन, तिथे दहावीचा भूगोल रेडिओवर पोचला. निवेदन आपापल्या घरातून मुद्रित होऊन येई. कुणी कपाटात तोंड घालून, कुणी चादरीखाली बसून. स्टोअररूमच्या दिवसांचं शिक्षण उपयोगी पडलं. त्या काळातल्या अडचणी, कोंबडे, लहान भाऊ, पत्र्यावरचा पाऊस, सगळं ध्वनिमुद्रणात आहे.

इथून बाहेर पडलेली मुलं कुठे आहेत? काही आकाशवाणीत नैमित्तिक उद्घोषक झाली, काही वृत्तवाहिन्यांच्या संपादन टेबलावर, काही शाळांत, एक-दोन जण डबिंगमध्ये. एकाने साऊंड सिस्टिमचा धंदा टाकला आणि गणपतीत आवाजाची मर्यादा काटेकोरपणे पाळणारा तालुक्यातला तो एकमेव, असं पोलीसच सांगतात. बरीचशी मुलं प्रसारणाच्या क्षेत्रात नाहीतच. बँकेत, शेतीत, ग्रामपंचायतीत आहेत. स्मरणिकांत अशांची दखल घेतली जात नाही. पण ग्रामसभेत माईक हातात आल्यावर मुद्दा दीड मिनिटात मांडून खाली बसणारा सरपंच पाहिला की तो कुठल्या तुकडीतला हे आम्ही ओळखतो.

सध्याची स्थिती अशी : नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमाची मांडणी बदलली आहे आणि श्रेयांकांच्या तक्त्यात 'क्षेत्रकार्य' या नावाखाली रेडिओचे तास बसवले आहेत. कार्यक्रम आता पॉडकास्ट म्हणूनही जातात, आणि डोंगरापलीकडच्या वाड्यांत तेच ऐकले जातात. जुन्या कॅसेटी, स्पूल आणि हार्ड डिस्क यांची यादी करण्याचं काम अर्धं झालं आहे. पुराच्या आठवड्यातलं सगळं मुद्रण तीन महिन्यांची अट संपल्यावरही पुसलेलं नाही, ते दोन ठिकाणी ठेवलं आहे. ट्रान्समीटरचा पॉवर अॅम्प्लिफायर बदलायला आला आहे, त्याचं दरपत्रक कार्यालयात मंजुरीसाठी पडून आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाकडे कॉलेज रेडिओच्या कर्ण्यांच्या काळातली कॅसेट असेल तर ती विभागात आणून द्यावी. सकाळी सहा ते आठ प्रथम वर्षाची मुलं असतात, दार वाजवायचं नाही, लाल दिवा विझेपर्यंत थांबायचं.